वळचणीचं पाणी आढ्याला कसं गेलं? व्हँकुव्हरच्या गळक्या इमारतींची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जण एपिसोड पुढे सरकवतील, पण जरा थांबा. विषय आहे ओल. भिंतीला धरते ती. सुटलेले पोपडे, कपाटामागची बुरशी, कुबट वास, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये "वरच्या फ्लॅटमधून येतंय" की "बाहेरून येतंय" यावरून होणारी भांडणं. कॅनडातल्या एका श्रीमंत, सुशिक्षित शहराने हीच भांडणं १९९०च्या दशकात घातली आणि त्याचं बिल ढोबळ अंदाजाने चार अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत गेलं. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. या गळतीवरचा उपाय त्याच देशात वीस-तीस वर्षं आधी छापून ठेवलेला होता.

शहराचं नाव व्हँकुव्हर. कॅनडाचा पश्चिम किनारा, ब्रिटिश कोलंबिया प्रांत. पाऊस भरपूर. पण आकडा ऐकलात तर मुंबईकर हसतील: तिथे वर्षाला साधारण हजार-बाराशे मिलिमीटर पडतो, आपल्या मुंबईत त्याच्या जवळजवळ दुप्पट. फरक असा की आपला पाऊस चार महिन्यांत सगळा कोसळतो आणि मग ऑक्टोबरचं ऊन भिंती अक्षरशः भाजून काढतं. तिथला पाऊस ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत रिपरिप चालू असतो, तोही थंडीत, ढगाळ हवेत. भिंत एकदा भिजली की वाळायला तिला वेळच मिळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच आहे.

१९८६ साली तिथे एक्स्पो ८६ हे जागतिक प्रदर्शन भरलं. त्या सुमारापासून शहरात घरांची मागणी वाढली आणि तीन-चार मजली लाकडी सांगाड्याच्या इमारती भराभर उभ्या राहिल्या. याला ते काँडो म्हणतात. आपल्या भाषेत ओनरशिप फ्लॅट. तरुण जोडपी पहिलं घर म्हणून घ्यायची, निवृत्त लोक मोठं घर विकून यात राहायला यायचे. आणि फॅशन कुठली? कॅलिफोर्नियाची! सपाट छप्पर, कमानी, उघडे सज्जे, आणि बाहेरून गुळगुळीत स्टको, म्हणजे सिमेंटचा पातळ गिलावा. पुढे आलेलं छप्पर नाही, खिडकीवर छज्जा नाही. दिसायला एकदम झकास. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगात एक जुना जोक आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय." कॅलिफोर्नियात ते डिझाइन चालत होतंच की. तिथे ऊन आहे.

आता या भिंतीच्या आत जाऊया. बाहेरून आत मोजत या. आधी स्टको. त्याला चिकटून डांबरी कागदासारखा एक थर. त्यामागे ओएसबी, म्हणजे लाकडाचे कपचे गोंदाने दाबून केलेला बोर्ड. मग लाकडी खांबांचा सांगाडा आणि त्यात ठासून भरलेली काचेची लोकर, घर उबदार राहावं म्हणून. त्याच्या आत प्लास्टिकची अखंड शीट. आणि सगळ्यात आत जिप्समचा बोर्ड, ज्याला आपण भिंत म्हणतो.

प्लास्टिक का? तर कॅनडाच्या आतल्या भागात, जिथे हिवाळ्यात उणे तीस होतं, तिथे घरातली वाफ भिंतीत शिरते आणि बाहेरच्या गार थराला लागून तिचं पाणी होतं. ती वाफ अडवायला शीट. १९७३च्या तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवायचा सगळीकडेच जोर होता, त्यामुळे घरं जास्त घट्ट, जास्त बंद होत गेली. त्या हवामानात हे शहाणपणाचंच होतं. पण व्हँकुव्हरला पाणी मुख्यतः बाहेरून येत होतं. खिडकीच्या कोपऱ्यात, सज्जा भिंतीला मिळतो तिथे, कठड्याच्या टोकाला, जिथे जिथे दोन वस्तू जोडल्या जातात तिथे बारीक फट राहतेच. तिथून पाणी स्टकोच्या मागे गेलं. मागे मोकळी जागाच नाही, त्यामुळे खाली निथळणं बंद. बाहेरून वाळायला ऊन नाही, आत वाळायला प्लास्टिक आडवं. आणि घरातली ऊब लोकर पुढे जाऊच देत नाही. ओएसबी भिजलेला राहिला, बुरशी लागली, काही वर्षांत लाकूड इतकं कुजलं की हाताने उकरावं.

गंमत बघा, शहरातली जुनी लाकडी घरंही गळत होती. नाही असं नाही. पण त्यांच्या भिंती आतून पोकळ, आणि हीटरची उष्णता बाहेर वाया जायची ती जाता जाता लाकूड वाळवून जायची. नव्या घरांनी ती उधळपट्टी थांबवली आणि तिच्याबरोबर वाळवणंही थांबलं. कोडमध्ये एखादी निरुपयोगी दिसणारी ओळ काढावी आणि मग कळावं की अर्धी सिस्टिम तिच्यावर चालली होती, तसा प्रकार.

आता त्या छापील कागदाबद्दल. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा बांधकाम विभाग १९६० पासून छोट्या पुस्तिका काढत होता. विद्वानांसाठी नव्हे, आर्किटेक्ट आणि बांधकामवाल्यांसाठी, साध्या भाषेत. त्यातला चाळिसावा अंक एप्रिल १९६३चा, लेखक जी. के. गार्डन, विषय भिंतीतून आत येणारं पावसाचं पाणी. गार्डन म्हणतो, पाणी आत यायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: भिंतीवर पाणी, भिंतीत फट, आणि पाण्याला आत ढकलणारा काहीतरी जोर. तिघांपैकी एक काढलं की काम झालं. पाऊस थांबवता येत नाही, छप्पर पुढे काढून कमी मात्र करता येतो. फटी शंभर टक्के बुजवता येत नाहीत. बुजवल्या तरी ऊन-थंडीने आणि लाकूड आकसल्याने पुन्हा उघडतात. राहिला जोर.

इथे मला आपली म्हण आठवते, वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. वळचण म्हणजे छपराची खालची, भिंतीबाहेर आलेली कड, जिथून पागोळ्या पडतात. आढं म्हणजे छपराचा सगळ्यात वरचा वासा. पाणी खालून वर कसं जाणार, असा म्हणीचा रोख. पण भिंतीतलं पाणी ही म्हण पाळत नाही. बारीक फटीत ते केशाकर्षणाने वर चढतं, बिस्किटात चहा चढतो तसं. आणि वारा सुटला की भिंतीबाहेर हवेचा दाब वाढतो, आत कमी असतो, मग तो दाबच पाण्याला फटीतून आत रेटतो.

गार्डनचा उपाय असा: भिंतीचं बाहेरचं आवरण आणि खरी भिंत यांच्यात हवेची मोकळी पोकळी ठेवा, आणि ती पोकळी बाहेरच्या हवेला जोडा. आवरणाच्या पुढे आणि मागे दाब जवळजवळ सारखा झाला की पाण्याला रेटायला कोणी उरत नाही. तरी चुकून थेंब आलाच, तर पोकळीतून खाली निथळतो, आणि हवा खेळत असल्याने मागची भिंत वाळते. याला रेनस्क्रीन म्हणतात. कल्पना त्याच्याही आधीची आहे. रोमन आर्किटेक्ट विट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की भिंत सगळी ओली असेल तर तिच्यापासून थोडं अंतर सोडून आत दुसरी पातळ भिंत बांधा, मध्ये पाण्याला वाट ठेवा आणि हवेला झरोके.

म्हणजे ज्ञान होतं. पण पुस्तिका ओटावाहून निघते आणि स्टको मारणारा कारागीर व्हँकुव्हरला परातीवर उभा असतो. मधल्या कोणालाच ती पोकळी परवडत नव्हती: पट्ट्या मारायच्या, वेळ जाणार, प्रत्येक खिडकीचा तपशील बदलणार, आणि ग्राहकाला यातलं काही दिसणार नाही.

सुरुवातीला एक मत असं होतं की ही ओल आतून येतेय, लोकांच्या स्वयंपाकाची आणि अंघोळीची वाफ. शेवटी १९९६ साली कॅनडाच्या केंद्रीय गृहनिर्माण संस्थेसाठी एक पाहणी झाली. त्रास असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या इमारती तपासल्या. निष्कर्ष: पाणी पावसाचं, बाहेरून, आणि बहुतेक सांध्यांमधून. आणखी एक गोष्ट दिसली, ती कोकणातल्या कुठल्याही आजीने फुकट सांगितली असती. भिंतीवर छप्पर जितकं पुढे आलेलं, तितका त्रास कमी.

तोवर शहरभर इमारती निळ्या ताडपत्र्यांत गुंडाळल्या जाऊ लागल्या होत्या. आपल्याकडे जूनमध्ये गच्च्यांवर दिसतात तशाच. दुरुस्ती म्हणजे पूर्ण बाहेरची भिंत सोलून नवी चढवणं. खर्च घरटी हजारो डॉलर, कित्येकांना दहा हजारांच्या पटीत, तोही कर्जाचे हप्ते चालू असताना. बिल्डरकडे जावं, तर अनेक बिल्डरांनी प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळी कंपनी काढली होती. फ्लॅट विकून झाले की कंपनी बंद. दावा कोणावर लावणार?

१९९८ साली प्रांताचे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्यातून मालकांना बिनव्याजी कर्जं मिळू लागली. नव्या घरांना वॉरंटी देणारी तिथली संस्था मात्र १९९९ मध्ये दाव्यांच्या ओझ्याखाली बुडालीच. त्याच वर्षी जुलैपासून विम्याची वॉरंटी सक्तीची झाली: साहित्य आणि कामाला दोन वर्षं, बाहेरच्या भिंती-छपराला पाच, सांगाड्याला दहा. आणि बांधकामाच्या नियमांत ती पोकळी आली. पुढच्या राष्ट्रीय नियमांत पावसाळी किनाऱ्यासाठी तिची किमान जाडी ठरली १० मिलिमीटर. तुमच्या मोबाइलच्या जाडीपेक्षा थोडी जास्त.

वाटेल की बाकी जग यातून शिकलं असेल. न्यूझीलंडमध्ये त्याच वर्षांत तशीच भूमध्य समुद्री थाटाची, बिनवळचणीची घरं बांधली जात होती, त्यात भर म्हणून औषध न मारलेलं लाकूड वापरायलाही परवानगी मिळाली. २००२ साली तिथेही अहवाल आला. २००९चा तिथला अंदाज होता ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर.

आपल्या भिंती लाकडाच्या नाहीत, त्यामुळे तसं कुजणं आपल्याकडे होत नाही. आपल्याकडे पाणी काँक्रीटमधल्या सळईपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचा ढलपा पडतो. वेळ जास्त लागतो इतकंच. आणि नव्या टॉवरांकडे मान वर करून बघा, खिडक्यांवरचा छज्जा किती ठिकाणी उरलाय.

व्हँकुव्हरच्या लोकांकडे सुरुवातीला जो कायदा नव्हता, त्याच्या जवळपासचा एक आपल्याकडे आहे. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरला कळवला, तर तो त्याने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पाच वर्षं मोजतात ती ताब्याच्या तारखेपासून, बुकिंगच्या नाही. ओल दिसली तर फोटो तारखेसकट काढून ठेवा आणि तक्रार व्हॉट्सॲपवर न थांबता ईमेल किंवा रजिस्टर्ड पोस्टाने लेखी द्या, रंगारी येऊन त्या डागावरून हात फिरवून जायच्या आधी.