पाटण्याच्या अफवा

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या मुलांनी प्रकल्पाचे विषय सुचवायचे म्हटले की माझ्या टेबलावर ठरलेले कागद यायचे. मोबाइल आणि अभ्यास, परीक्षा आणि ताण. विषयांत वावगे काही नव्हते, पण निष्कर्ष काय निघणार हे मुलांना आधीच ठाऊक असायचे. मग मी त्यांना १९३४ सालच्या बिहारमध्ये घेऊन जाई.

१५ जानेवारीच्या दुपारी झालेल्या भूकंपाने मुंगेर आणि मुझफ्फरपूर जमीनदोस्त केले. दहा हजारांवर माणसे दगावली. ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे गांधीजी म्हणाले, त्यावर रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली. तो वाद सर्वांना माहीत आहे. मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. भूकंपानंतर पाटण्यात लोक काय बोलत आहेत ते त्यांनी ताबडतोब टिपून ठेवले. गंगेचे पाणी नाहीसे झाले आणि स्नान करणारे वाळूत रुतले. पाटण्यावर वादळ येणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा धक्का बसणार. २३ जानेवारी हा घाताचा दिवस. बोलणारे होते हादरा बसलेले, पण घरदार शाबूत असलेले लोक. या अफवांवरचा प्रसादांचा लेख १९३५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त आला.

१९५१ च्या अखेरीस अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांच्याकडे संदेशवहन आणि सामाजिक प्रभाव यांवरचे संशोधन एकत्र मांडण्याचे काम आले. त्या ढिगाऱ्यात हा लेख होता. ते अडले ते इथेच. अफवा कशा पसरतात हा प्रश्न जुना होता. पण आधीच घाबरलेली माणसे आणखी घाबरवणाऱ्या गोष्टींवर विश्वास का ठेवतात? त्यांना धीर देणाऱ्या अफवा का नकोत? फेस्टिंगरना सुचलेले उत्तर असे: या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या, असलेल्या भीतीला कारण पुरवत होत्या. पडझड दिसत नाही आणि छातीतली धडधड थांबत नाही, हा मेळ बसवायचा कसा?

मला खरी गंमत पुढे वाटते. हे उत्तर बरोबर असेल, तर संकट डोळ्यांसमोर असलेल्या लोकांत अशा अफवा उठायला नकोत. १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या तेव्हा मानसशास्त्रज्ञ दुर्गानंद सिन्हांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला होता. नुकसान तर समोरच होते, आणि तिथे तशा भाकितांचा सुळसुळाट आढळला नाही. आढळला असता तर फेस्टिंगरना आपली कल्पना गुंडाळून ठेवावी लागली असती. मुलांच्या कागदांवर मी हेच शोधत असे: कोणता निकाल लागला तर तुमचे म्हणणे खोटे ठरेल? मोबाइलवाल्यांकडे याचे उत्तर क्वचितच असे.

याच न बसणाऱ्या मेळाचा, म्हणजे बोधात्मक विसंगतीचा, फेस्टिंगर यांचा सिद्धांत १९५७ साली पुस्तकरूपाने आला. वर्गात आपण त्यावरचा एक डॉलर-वीस डॉलरचा नंतरचा प्रयोग शिकवतो आणि पुढे जातो. शिक्षकांनो, त्याआधी पाच मिनिटे पाटण्याला द्या. प्रसादांनी त्या अफवा तेव्हाच लिहून घेतल्या नसत्या, तर फेस्टिंगरना तिथे अडायला काहीच नव्हते.