टाकलेल्या विद्युत्-गाड्या आणि त्यांचे हौशी कारागीर

कोक-भट्टीचे दार उघडले म्हणजे लालबुंद कोकचा ढीग एका लोखंडी वाघिणीत कोसळतो, आणि ती वाघीण घाईघाईने पाण्याच्या फवाऱ्याखाली न्यावी लागते. पोलादाच्या कारखान्यातील हे काम विजेच्या एका लहानशा इंजिनाकडे असते. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सोव्हिएत संघाशी या कारखान्याचा करार झाला तो १९५५ साली, आणि त्यावेळी दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत असे. कारण जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर हीच होती. सेक्टर ९ चे रुग्णालय, सेक्टर १० ची शाळा, अशा क्रमांकांनीच ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीतून पाळीवर जाणाऱ्या माणसांना विजेने धावणारे वाहन ही अपूर्वाईची गोष्ट कधीच नव्हती. ते बिघडले की उघडावयाचे, मोटारीचे वेटोळे जळाले असेल तर नवे गुंडाळावयाचे आणि पुन्हा रुळावर सोडावयाचे, हा त्यांचा नित्याचा व्यवहार. विजेची गाडी रस्त्यावर आली तेव्हा मात्र हा सरळ व्यवहार दुर्घट झाला. तो कसा झाला आणि तो सुकर करण्यासाठी कोणत्या लोकांनी कष्ट घेतले, हा या गाडीच्या इतिहासातील कमी सांगितला गेलेला भाग होय.

विजेची मोटारगाडी ही आपल्या युगाची निर्मिती, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. गुस्ताव्ह त्रूव्हे याने १८८१ साली पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखविली. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली ती विजेच्याच गाडीने; कामिय जेनात्सी याने एप्रिल १८९९ मध्ये ताशी १०५ किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या गाड्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६ होत्या. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याची यातायात १९१२ सालच्या स्वयंचालित स्टार्टरने संपविली, आणि विजेच्या गाडीचे राज्य ओसरले. 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही कंपनी तेवढी १९३९ पर्यंत तग धरून राहिली. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा पतीच्या कारखान्याची गाडी न वापरता हीच विजेची गाडी चालवीत असत. पेट्रोलच्या सम्राटाच्या घरातच ही फितुरी होती!

कारखाने बंद पडले, परंतु गाड्या मेल्या नाहीत, आणि याचे कारण त्यांच्या रचनेतच आहे. पेट्रोलच्या इंजिनात दट्टे, झडपा, साखळ्या असे शेकडो हलते भाग एकमेकांना घासून झिजत असतात. विजेच्या मोटारीत फिरणारा भाग एकच. धारवे आणि जुन्या मोटारींतील कार्बनचे ब्रश बदलत राहिले की ती पिढ्यान् पिढ्या चालते. झिजते ती बॅटरी. म्हणजे टाकून दिलेल्या विद्युत्-गाडीचे कलेवर बहुधा निरोगीच असते. प्राण तेवढा बदलावा लागतो. डेट्रॉइट इलेक्ट्रिकच्या शतकापूर्वीच्या काही गाड्या हौशी संग्राहकांनी याच मार्गाने आजपर्यंत चालत्या ठेवल्या आहेत.

या हौशी लोकांना संघटित रूप आले ते १९६० नंतरच्या दशकात. युद्धोत्तर काळात अमेरिकेत विमानांचे स्टार्टर-जनित्र भंगारात मिळे. ते उलट्या कामाला लावले की मोटार म्हणून चालते, हे या मंडळींनी हेरले. मालवाहू फोर्कलिफ्टच्या मोटारीही अशाच उपयोगी पडल्या. जुन्या मोटारगाडीतून इंजिन उपसावयाचे, त्याजागी ही मोटार बसवावयाची आणि मागे शिशाच्या बॅटऱ्या रचावयाच्या, असा तो उद्योग होता. वॉल्टर लास्की यांनी १९६७ साली कॅलिफोर्नियात 'इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन' स्थापन केली. एकाला साधलेली युक्ती दुसऱ्याला कळावी आणि एकाने जाळलेली मोटार दुसऱ्याने पुन्हा जाळू नये, एवढाच तिचा व्यवहार. परंतु ज्ञान टिकते ते अशाच व्यवहाराने.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६८ मध्ये, एक विलक्षण शर्यत झाली. कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक संस्थेचा विद्यार्थी वॉली रिपेल याने १९५८ सालची एक फोक्सवॅगन बस विजेवर चालणारी केली होती. त्याने मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थ्यांना आव्हान दिले. एमआयटीची गाडी पूर्वेकडून पश्चिमेस आणि कॅलटेकची पश्चिमेकडून पूर्वेस निघावयाची, असे ठरले. मार्गात ५४ ठिकाणी विद्युत्-भरणाची सोय केली होती आणि अंतर पाच हजार किलोमीटरांहून अधिक होते. एमआयटीची गाडी आधी पोहोचली. पण तिला वाटेत ओढून न्यावे लागल्याबद्दलचा दंड मोजल्यावर विजय कॅलटेकच्या बसला मिळाला. विजयाचे अंतर सुमारे अर्ध्या तासाचे होते. गंमतीची वाटणारी ही शर्यत वाया गेली नाही. हाच रिपेल पुढे जनरल मोटर्सच्या 'इम्पॅक्ट' या प्रायोगिक गाडीच्या कामात होता, आणि त्या गाडीचे कारखान्यात तयार झालेले रूप म्हणजे १९९६ सालची 'ईव्ही-१'.

ईव्ही-१ ची कथा दुःखद आहे. अशा १,११७ गाड्या तयार झाल्या. त्या विकल्या गेल्या नाहीत. केवळ भाडेपट्ट्याने दिल्या. पट्टे संपताच कंपनीने २००३ पासून त्या परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. काही थोड्या वस्तुसंग्रहालयांना व विद्यापीठांना दिल्या, त्याही बहुतेक चालणार नाहीत अशा करून. विकत घेण्यास लोक तयार असता धडधाकट यंत्रांचा असा चुराडा करावा, याचे समर्थन हिशेबाच्या वहीत कदाचित सापडेल; अन्यत्र सापडणे कठीण. त्याच काळात टोयोटाने आपल्या विद्युत्-गाड्यांपैकी सुमारे तीनशे ग्राहकांना विकल्या होत्या. त्या मालकांच्या हाती राहिल्या, आणि कारखान्याने पाठ फिरविल्यावरही त्यांतील कित्येक परस्पर साहाय्याने वर्षानुवर्षे धावत राहिल्या. मालकी आणि भाडेपट्टा यांतील भेद कायद्याच्या पुस्तकांपेक्षा या दोन उदाहरणांनी अधिक स्पष्ट होतो.

महाराष्ट्राला ही वृत्ती परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग बेळगावच्या सायकलच्या दुकानातून वाढला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० नंतरच्या दशकापासून स्वतःच्या बुद्धीने 'मीरा' ही लहान मोटारगाडी घडविली. एकामागून एक नमुने तयार केले. कारखाना मात्र उभा राहू शकला नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका लोहकाम करणाऱ्या गृहस्थांनी भंगारातील भाग जुळवून केलेली, किक मारून सुरू होणारी जीप २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. या गाड्या पेट्रोलच्या होत्या हे खरे. पण टाकलेल्या वस्तूत गाडी पाहणारी दृष्टी तीच.

भारतातील विजेच्या गाडीचा प्रारंभही हौशीतूनच झाला. चेतन मैनी हे मिशिगन विद्यापीठात शिकत असता तेथील विद्यार्थ्यांनी बनविलेल्या सौर गाडीच्या पथकात होते. त्यांची 'रेवा' २००१ साली बंगळूरहून बाजारात आली आणि काही वर्षांतच लंडनच्या रस्त्यांवर दिसू लागली. मुंबईच्या महिंद्र कंपनीने २०१० मध्ये हा उद्योग आपल्याकडे घेतला. रेवाचे पोट अगदी साधे होते: सहा व्होल्टच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या, एकूण ४८ व्होल्ट. तीन-चार वर्षांत त्या थकत. नव्या संचाचा खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीशी स्पर्धा करू लागला की गाडी अंगणात उभी राही. दुरुस्ती करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे आठांतील अपराधी शोधणे. एक बॅटरी खचली तरी ओळीने जोडलेल्या साऱ्यांचे बळ खचते. भारित घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२८ च्या आसपास असावे लागते. काचेच्या नळीतील हायड्रोमीटर बुडवून ते कोणासही पाहता येते. ऊर्ध्वपातित पाणी, घासलेली टोके, कसलेले नट, एवढ्यावर कित्येक 'मेलेल्या' गाड्या उठून बसतात. पुढे लंडनमधील काही मालकांनी शिशाऐवजी लिथियमच्या बॅटऱ्या बसवून या गाड्यांना दुसरे आयुष्य दिले.

लिथियमच्या गाड्यांत तत्त्व तेच, पण धोका मोठा. निसानची 'लीफ' २०१० च्या अखेरीस आली. तिच्या बॅटरीत चार-चार घटांच्या ४८ पेट्या, म्हणजे १९२ घट असत, आणि पूर्ण भारित अवस्थेत दाब सुमारे चारशे व्होल्टपर्यंत जाई. या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी द्रवाची योजना नव्हती. त्यामुळे ॲरिझोनाच्या उन्हात तिची शक्ती लवकर ओसरते, अशी तक्रार २०१२ मध्ये तेथील मालकांनी केली. नागपूर-भिलाईच्या वैशाखात राहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हौशी कारागिरांनी यावर शोधलेला उपाय सरळ आहे. अपघातात चेपलेल्या दुसऱ्या लीफमधून चांगल्या पेट्या काढावयाच्या, प्रत्येकीचा दाब व धारणशक्ती मोजावयाची, आणि दुबळ्या पेटीच्या जागी समशील पेटी बसवावयाची. समशील हा शब्द येथे महत्त्वाचा. विजोड पेटी घातली तर दुरुस्ती महिन्याभरात उलटते. आणि या कामास हात घालण्यापूर्वी मुख्य जोड तोडणारी खीळ काढून काही वेळ थांबणे, जाड रबरी हातमोजे घालणे, अंगठी-घड्याळ उतरवून ठेवणे, एकटे काम न करणे, हे नियम पाळावेच लागतात. चारशे व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत.

अमेरिकेत रिच बेनॉइट यांनी पुरात बुडालेली टेस्ला 'मॉडेल एस' घेऊन, अपघातग्रस्त दुसऱ्या गाडीचे भाग तिच्यात घालून, दूरदूरच्या जाणकारांना विचारीत ती चालती केली. तिच्यातील मोठ्या बॅटरीत सात हजारांवर लहान घट असतात. पण त्यांची खरी झुंज घटांशी नव्हती. गाडीच्या संगणकाने नवा भाग स्वीकारावा यासाठी कारखान्याची संमती लागे, आणि भंगार ठरलेल्या गाडीस सुटे भाग मिळणे दुष्कर होते. २०२० च्या सुमारास तर अशा गाड्यांची जलद विद्युत्-भरणाची सोय कंपनीने बंद केली. पूर्वी गाडी मारावयास यंत्र चिरडावे लागे. आता दुरून एक आज्ञा पुरते. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ आणि २०२० साली गाडीची माहिती मालकाला व स्वतंत्र दुरुस्तीवाल्याला मिळावी असा कौल दिला, तो याच जाणिवेतून. भारत शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली, आणि तिच्या कक्षेत मोटारगाड्या आहेत.

आपल्याकडील कायद्याची बाजू थोडी बिकट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निरुपयोगी झाले तर मालकाने चौदा दिवसांत तसे कळवावयाचे असते, आणि नोंदणी रद्द होते. कलम ५२ वाहनातील फेरबदलाला बंधन घालते, आणि निर्मात्याने ठरविलेल्या मूळ स्वरूपाहून वेगळे होईल असा फेरबदल करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. पेट्रोलची गाडी विजेवर आणावयाची तर मान्यताप्राप्त संच हवा. त्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, आणि पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय ही संस्था अशा चाचण्या घेते. हे सारे सुरक्षेसाठी आहे, आणि २०२२ साली पेटलेल्या विद्युत्-दुचाकींची आठवण असणारा कोणीही त्याला नावे ठेवणार नाही. परंतु शिशाची बॅटरी काढून त्याच मापाची लिथियमची बसविली, तर ती दुरुस्ती की फेरबदल? अपघातात दरवाजा चेपला आणि बॅटरीच्या किमतीमुळे विमा कंपनीने गाडी संपूर्ण हानीत काढली, तर ती गाडी 'निरुपयोगी' झाली काय? कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इंजिन होते, बॅटरी नव्हती. ही उणीव नियमांनी भरून काढण्याजोगी आहे, आणि ती लवकर भरावी. एरवी चालू शकणाऱ्या गाड्या केवळ शिक्क्याअभावी भंगारात जातील.

दरम्यान हे काम रस्त्याच्या कडेला चालूच आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ई-रिक्षांना कायद्यात स्थान मिळाले. चार बॅटऱ्या, एक मोटार आणि एक नियंत्रक, एवढ्या सामग्रीचे हे वाहन लहान-मोठ्या गावांतील वायरमन आणि बॅटरीवाले उघडतात, तपासतात आणि संध्याकाळच्या आत मालकाच्या हवाली करतात. कारण एक दिवस रिक्षा उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते. त्यांच्यापैकी पुष्कळांनी या विद्येचे पुस्तक पाहिलेले नाही. एकाने दुसऱ्याला दाखविले, दुसऱ्याने तिसऱ्याला. नियंत्रक जळाला तर तो फेकण्यापूर्वी त्याचे झाकण काढून आतला कोणता भाग काळा पडला आहे हे पाहावयाचे, ही त्यांची पहिली शिकवण असते.