अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हाती आलेला कॅमेरा

फोटो काढणे ही हल्ली फार सोपी गोष्ट झाली आहे. खिशातला मोबाईल काढायचा, बोट लावायचे, की झाले. बिघडला तर पुसायचा आणि दुसरा काढायचा. खर्च नाही, श्रम नाहीत. त्यामुळे एके काळी ही विद्या शिकायला माणसाला काय करावे लागे, आणि शिकताना झालेल्या चुकांचे तो काय करी, याची कल्पना आपल्याला सहज येत नाही. म्हणून आज एका अशा बाईंची हकिकत सांगतो, की ज्यांच्या हातात पहिला खरा कॅमेरा आला तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांचे नाव जुलिया मार्गारेट कॅमेरॉन. आडनावाचा आणि कॅमेऱ्याचा काही संबंध नाही बरं का. तो निव्वळ योगायोग.

या बाईंचे आपल्या देशाशी जवळचे नाते होते. त्यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्याला झाला. वडील कंपनी सरकारच्या नोकरीत होते. १८३८ साली कलकत्त्यातच चार्ल्स हे कॅमेरॉन या कायदेपंडिताशी त्यांचे लग्न झाले. पुढे १८६० साली जो भारतीय दंडविधान मंजूर झाला आणि २०२४ पर्यंत आपल्या कोर्टकचेऱ्यांतून चालला, त्याच्या मसुद्याच्या कामी मेकॉलेला मदत करणाऱ्यांत हे गृहस्थ होते. १८४८ साली हे कुटुंब इंग्लंडला गेले, आणि १८६० पासून वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर या गावी राहू लागले. शेजारी राहत होते कवी टेनिसन.

१८६३ च्या डिसेंबरात घर सुने झाले होते. पतिराज मळ्यांच्या कामासाठी सिलोनला गेलेले, मुलगी लग्न होऊन सासरी. एकटेपणात आईचा वेळ बरा जाईल, म्हणून मुलीने आणि जावयाने एक कॅमेरा भेट पाठवला. देणाऱ्यांना ते खेळणेच वाटले असावे. बाईंनी मात्र त्याचे खेळणे होऊ दिले नाही.

आपल्याला काहीच माहिती नव्हती, असे बाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ते तितकेसे खरे नाही. थोर खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांच्याशी त्यांची जुनी ओळख होती. बाई कलकत्त्यात असतानाच या नव्या शोधाची वार्ता आणि काही नमुने हर्शेलनी त्यांना पाठवले होते. फोटोंचे आल्बम लावण्याची, दुसऱ्यांच्या काचांवरून छाप काढण्याची हौसही त्यांनी केली होती. पण दुसऱ्याचा स्वयंपाक चाखणे वेगळे आणि स्वतः चुलीपुढे बसणे वेगळे. त्या अर्थाने त्या नवशिक्याच होत्या.

आणि ही चूल साधी नव्हती. तेव्हाची रीत ओल्या काचेची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ती १८५१ साली प्रसिद्ध केली होती. काच लख्ख पुसायची. तिच्यावर कलोडिअन नावाचे चिकट द्रावण ओतून, काच चहूकडे कलती करून ते सारखे पसरायचे. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची. फोटो घेतला की धावत अंधाऱ्या खोलीत जायचे, कारण काच वाळली की सगळे फुकट. तिथे चित्र उठवायचे, पक्के करायचे, धुवायचे, वाळवायचे, वर व्हार्निश द्यायचे. एवढे झाल्यावर त्या काचेखाली कागद ठेवून उन्हात छाप काढायचा. यातली ओल्या काचेची कामे मोठ्या धांदलीत करायची. बोटे काळी पडत, कपड्यांवर डाग पडत. काही रसायने तर विषारीच होती. सायनाइड इतक्या बेफिकिरीने हाताळू नका, असे हर्शेलनी बाईंना पत्रातून बजावले होते.

बाईंनी कोळशाच्या कोठीची अंधारी खोली केली. कोंबड्यांचे खुराडे रिकामे करून त्याचा स्टुडिओ केला. त्याला काचा होत्या, म्हणून उजेड चांगला येई. पाणी विहिरीवरून वाहून आणायचे. मोठ्या घरची बाई कोळशाच्या कोठीत उभी राहून काचा धुते आहे, हे दृश्य त्या काळच्या पाहुण्यांना चमत्कारिकच वाटले असणार.

सुरुवातीला गावातल्या एका शेतकऱ्याला तासाला अर्धा क्राऊन, म्हणजे अडीच शिलिंग देऊन त्यांनी समोर बसवले. कितीतरी तास गेले, कितीतरी शिलिंग गेले, तेव्हा एकदाचे चित्र उमटले. आनंदाच्या भरात काच हाती धरली, आणि ओल्या बाजूवरून त्यांचा हात फिरला. चित्र साफ पुसले गेले! मग दोन मुले बसवली. ऐन वेळी एकाला हसू फुटले आणि ती काच गेली. शेवटी ॲनी फिलपॉट नावाच्या एका छोट्या मुलीला एकटीला बसवले. तू हललीस तर माझी औषधे आणि मेहनत वाया जाईल, असे बाईंनी तिला कळवळून सांगितले. मुलगी हलली नाही. तारीख होती २९ जानेवारी १८६४. बाई घरभर धावत सुटल्या, मुलीला काय देऊ नि काय नको असे त्यांना झाले. त्याच दिवशी छाप काढून, चौकटीत बसवून त्यांनी तो मुलीच्या वडिलांना दिला. हे आपले पहिले यश, अशी नोंद त्यांनी स्वतः करून ठेवली आहे.

इथवरची गोष्ट कोणाही चिकाटीच्या माणसाची आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पुढेच.

बाईंची काच मोठी होती, अकरा इंच लांब आणि नऊ इंच रुंद. भिंग असे, की थोडाच भाग स्पष्ट येई. डोळे स्पष्ट आले तर कान अंधुक. शिवाय समोरच्याला काही मिनिटे निश्चल बसावे लागे, तेव्हा थोडी हालचाल व्हायचीच. धंद्यातले लोक भिंगाचे तोंड लहान करून, माणसाला दूर बसवून सगळे रेखीव काढीत. बाईंनी तसे केले नाही. भिंग फिरवता फिरवता डोळ्यांना सुंदर दिसेल त्या जागी त्या थांबत. आणखी रेखीव करण्यासाठी पुढे फिरवीत नसत. चेहरा अगदी जवळून घेत. त्यामुळे बटणे आणि झालरी नाहीशा झाल्या, आणि माणूस तेवढा उरला.

लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या त्या १८६४ सालीच सभासद झाल्या. पण त्या क्षेत्रातल्या मासिकांनी त्यांच्यावर सडकून टीका केली. चित्रे अंधुक आहेत, डाग आहेत, बोटांचे ठसे आहेत, बाईंना हे तंत्रच येत नाही, असा एकंदर सूर होता. चित्रकारांना मात्र तीच चित्रे आवडली. साउथ केन्सिंग्टन म्युझियमने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने, १८६५ साली त्यांची चित्रे विकत घेतली. १८६८ साली तर कामासाठी तिथे जागाही दिली.

मग बरोबर कोण? टीकाकार की चित्रकार? माझ्या मते, हा प्रश्न बाईंनीच आपल्या वागण्याने सोडवला आहे. अंधुकपणाबद्दल त्यांनी कधी माफी मागितली नाही, कारण तो त्यांनी निवडला होता. परंतु पुढे त्यांच्या कित्येक उत्तम काचांवरच्या थराला बारीक भेगा पडू लागल्या, तेव्हा १८६९ साली त्याच सोसायटीपुढे जाऊन, हे कशाने होते आणि उपाय काय, असे त्यांनी विचारले. म्हणजे कोणता दोष आपला आणि कोणता आपला नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. जो नको होता त्याच्यासाठी जाणत्यांना विचारायला त्या लाजल्या नाहीत. जो हवा होता तो कोणाच्या सांगण्यावरून त्यांनी पुसला नाही.

त्यांच्या कॅमेऱ्यापुढे टेनिसन बसले, १८६८ साली डार्विन बसले. हर्शेलकडे तर १८६७ साली त्या सारे सामान घेऊन गेल्या, आणि त्या वृद्ध ज्ञान्याचा जो चेहरा त्यांनी टिपला, तोच आज आपण पुस्तकांतून पाहतो. पण घरची मोलकरीण मेरी हिलिअर हिलाही त्यांनी तितक्याच आदराने बसवले आणि तिच्यात येशूची माता पाहिली. १८७५ साली पतीबरोबर त्या सिलोनला गेल्या. तिथे फारच थोडे फोटो निघाले. त्यांत मळ्यावरच्या मजुरांचेही आहेत. १८७९ च्या जानेवारीत तिथेच त्यांचा अंत झाला. सुमारे पंधरा वर्षांच्या कामातून त्यांची जवळजवळ बाराशे चित्रे आज ठाऊक आहेत.

शिक्षक बंधुभगिनींना यातून एक गोष्ट घेता येईल. मुलाचे चित्र, निबंध, अक्षर आपण तपासतो, तेव्हा लाल पेन्सिल फार लवकर चालते. चुका दाखवल्याच पाहिजेत. भेगा गेलेल्या काचेचे कौतुक करून कोणाचे भले होत नाही. पण खूण करण्याआधी मुलाला एकदा विचारून पाहावे, की बाळा, हे तुझ्याकडून झालं, की तू केलंस? ‘मी केलं’ असे उत्तर आले, तर पेन्सिल जरा बाजूला ठेवून ते चित्र पुन्हा एकदा पाहावे.