आवाज जपायचा कुणी?

दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या १९५५ सालच्या बीबीसी मुलाखतीचा आवाज आपल्या मोबाईलवर फिरतो. आपण ऐकतो, पुढे पाठवतो. तो आपल्यापर्यंत टिकून कसा आला, हे मात्र विचारत नाही.

त्याच बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत असंख्य कार्यक्रमांच्या टेप पुसल्या. टेप महाग होती, म्हणून जुने पुसून त्यावरच नवे रेकॉर्ड होई. 'डॉक्टर हू'सारख्या गाजलेल्या मालिकेचे कितीतरी भाग असेच गेले. म्हणजे काय टिकणार आणि काय पुसले जाणार, हे कुणीतरी ठरवत असते. ठरवणाऱ्या खुर्चीत कोण बसले आहे, हा आमचा प्रश्न आहे.

अमेरिकेत मॅरियन स्टोक्स या कृष्णवर्णीय स्त्रीने ही खुर्ची स्वतःच्या घरात मांडली. त्या फिलाडेल्फियाच्या, पूर्वी ग्रंथपाल आणि नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्या. १९७९ साली इराणमधील ओलीस प्रकरणाच्या वेळी त्यांनी टीव्हीवरील बातम्या अखंड रेकॉर्ड करायला सुरुवात केली. घरात एकाच वेळी अनेक व्हीसीआर चालत, दर सहा तासांनी कॅसेट बदलावी लागे. डिसेंबर २०१२ मध्ये निधन होईपर्यंत हे चालले. मागे सुमारे ७०,००० कॅसेट राहिल्या. त्या 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेकडे गेल्या.

पण साठवणे म्हणजे जपणे नव्हे. कॅसेट डिजिटल करायची तर ती पूर्ण वाजवावी लागते. प्रत्येक कॅसेट सहा तासांची धरली, तर एका यंत्राला रात्रंदिवस चालून सुमारे ४८ वर्षे लागतील. तोवर चुंबकीय फीत खराब होते आणि यंत्रेही मिळेनाशी होतात. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले. डिजिटल केले म्हणजेही सुटलो असे नाही. हार्ड डिस्क बंद पडते, फाईलचे प्रकार जुने होतात. दर काही वर्षांनी सगळे नव्या जागी हलवावेच लागते.

कुणी म्हणेल, स्टोक्स यांच्याकडे पैसा होता. खरे आहे. ॲपलच्या शेअर्समधून त्यांना चांगली कमाई झाली होती. आपल्याकडे तो नाही, पण गावोगावी विहारे आहेत, मंडळे आहेत. एकटीने केले ते समाजाने मिळून करता येते.

आपल्या घरांच्या माळ्यावर भीमगीतांच्या, परिषदांच्या, नामांतराच्या सभांच्या कॅसेट पडून आहेत. आधी त्यांची यादी करा. कोण बोलते आहे, कुठे, कोणत्या साली, हे ज्येष्ठांना विचारून आजच लिहा. ते गेल्यावर आवाज राहील, नाव राहणार नाही. बुरशी आलेली कॅसेट घाईने वाजवू नका, जाणकाराला दाखवा. डिजिटल प्रती दोन करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ कॅसेट फेकू नका.

आमचा इतिहास प्रस्थापितांनी लिहिला नाही, ही तक्रार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. आता आमच्याच माळ्यावरचा इतिहास आमच्या हातून पुसला गेला, तर तक्रार कुणाकडे करणार?

जय भीम!