वहीतली टिक

आमच्या एका जुन्या प्रोजेक्टवर चाळीस सर्व्हर होते. प्रत्येकाची सेटिंग्ज हाताने बदलायची आणि वहीत टिक करायची, अशी पद्धत. एकदा माझ्याकडून एक सर्व्हर राहून गेला, टिक मात्र झाली! नेमका तोच महिनाअखेरीला बंद पडला आणि चूक शोधण्यात अख्खी रात्र गेली.

ही डोकेदुखी जुनीच. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस हा भौतिकशास्त्रज्ञ विभागातले युनिक्स कॉम्प्युटर्स सांभाळत होता. युनिक्सच्या जाती अनेक, त्यामुळे प्रत्येकीसाठी स्क्रिप्टही वेगळी. त्यावर उपाय म्हणून त्याने 'सीएफइंजिन' लिहिलं. त्यातून रुजलेला विचार साधा, पण मोठा: मशीनला 'हे कर, मग ते कर' असं सांगत बसायचं नाही, 'तू असं असायला हवंस' एवढंच सांगायचं. तसं असेल तर काहीच करायचं नाही, बिघडलं असेल तेवढंच दुरुस्त करायचं.

२००५ मध्ये ल्यूक केनीसने 'पपेट' आणलं. त्यात सगळे नियम एका मुख्य सर्व्हरवर राहतात आणि बाकीची मशीन्स साधारण दर ३० मिनिटांनी त्याला विचारतात. पुढे २००९ मध्ये 'शेफ' आलं, २०१२ मध्ये 'अ‍ॅन्सिबल'.

त्या रात्रीनंतर मीही पपेटचा सर्व्हर उभा केला. आधी काही न बदलता फक्त तपासणी केली. नियमात न बसणारे आणखी पाच सर्व्हर निघाले. वहीत पाचांपुढेही टिक होती. आणि अक्षर माझंच होतं.