परफॉर्मन्स कारसाठी व्हील साइज आणि टायर कसे निवडायचे? ऑक्टाव्हिया आणि स्विफ्टच्या उदाहरणांसह संपूर्ण माहिती

चिकलठाण्याहून जालना रोडने पुढे निघालं की थोड्याच अंतरावर शेंद्रा एमआयडीसी लागते. तिथल्या स्कोडाच्या कारखान्यात अनेक वर्षं ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब जोडल्या गेल्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजमध्ये, गुडइयरचा टायर कारखाना आहे. म्हणजे गाडी इथली आणि टायरही इथलाच! तरीसुद्धा सेकंड हँड ऑक्टाव्हिया, पोलो किंवा स्विफ्ट हातात आली की पहिला प्रश्न असतो, "अलॉय किती इंची टाकू?" आणि उत्तर बहुतेक वेळा एखादी रील बघून ठरतं.

खरं तर गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढं रबर असतं. इंजिन कितीही ताकदीचं असो, ब्रेक कितीही मोठे असोत, सगळं काम शेवटी त्या चार तळहातांवर येतं. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किमीची परवानगी आहे. त्या वेगात टायरची निवड चुकली तर विषय लूकचा राहत नाही, जिवाचा होतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी हे नीट समजून घ्या.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

मोबाइलचा टॉर्च लावून टायरच्या बाजूचा एक फोटो काढा. समजा त्यावर २०५/५५ आर१६ ९१ व्ही असं लिहिलंय. त्याचा अर्थ असा:

- २०५: टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ५५: साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. इथे २०५ चे ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिमी.
- आर: रेडियल बांधणी.
- १६: रिमचा व्यास, इंचात.
- ९१: लोड इंडेक्स. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो वजन पेलू शकतो. ८८ म्हणजे ५६० किलो, ९४ म्हणजे ६७० किलो.
- व्ही: स्पीड रेटिंग. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३०० किमी प्रतितास.

शेजारीच चार अंकी आकडा असतो. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या २३व्या आठवड्यात बनलाय. "एकदम नवा माल आहे" असं कुणी म्हणालं तर आधी हा आकडा बघा.

एकच गाडी, तीन साइज

मोठं व्हील टाकण्याची योग्य पद्धत शिकायची असेल तर ऑक्टाव्हियाकडे बघा. साध्या ऑक्टाव्हियाला २०५/५५ आर१६ होते. २०१७ मध्ये भारतात आलेल्या २३० पीएसच्या आरएसला २२५/४५ आर१७ मिळाले. २०२० मध्ये फक्त २०० गाड्या आलेल्या आरएस २४५ ला २२५/४० आर१८ होते. आता पूर्ण चाकाचा व्यास काढू. फोनच्या कॅल्क्युलेटरवर लगेच होतं:

व्यास = (रिमचे इंच × २५.४) + (रुंदी × टक्के ÷ १०० × २)

- २०५/५५ आर१६: ६३१.९ मिमी
- २२५/४५ आर१७: ६३४.३ मिमी
- २२५/४० आर१८: ६३७.२ मिमी

रिम दोन इंचांनी वाढलं, पण पूर्ण चाक जेमतेम ५ मिमीने, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी वाढलं. रिम वाढलं तेवढी साइडवॉल कमी केली. हाच सगळा खेळ आहे. बाहेरचा व्यास मूळ साइजच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा, आणि तीन टक्क्यांच्या पुढे कधीच जायचं नाही.

स्विफ्टचं उदाहरण

२०१८ च्या स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर१५ टायर आहेत. व्यास ६२१.५ मिमी. आता तीन पर्याय तपासू:

- १९५/५५ आर१६: ६२०.९ मिमी. जवळजवळ तेवढाच.
- २०५/४५ आर१७: ६१६.३ मिमी. ०.८ टक्के कमी. गणितात बसतो, पण साइडवॉल १२० वरून ९२ मिमीवर येते.
- २०५/५० आर१७: ६३६.८ मिमी. जवळपास अडीच टक्के जास्त. चाक मोठं झाल्याने गाडी मीटर दाखवतो त्यापेक्षा जास्त वेगात असते आणि पिकअपही मंदावतो. वळताना आतल्या प्लास्टिकला टायर घासण्याची शक्यता वेगळीच.

पहिला पर्याय सगळ्यात शहाणा. पण इथेही एक फसगत आहे. कंपनीच्या टायरवर लोड इंडेक्स ८८ असेल, आणि १९५/५५ आर१६ चा साधा टायर बहुधा ८७ चा मिळतो. साइज जुळला तरी वजन पेलण्याची क्षमता कमी झाली. अशा वेळी त्याच साइजमधला ९१ चा एक्सएल टायर मागायचा. लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग कंपनीच्या आकड्यापेक्षा खाली कधीही आणायचं नाही.

मोठ्या व्हीलने काय मिळतं, काय जातं?

मिळतं ते असं: साइडवॉल बुटकी असल्याने वळणावर टायर कमी वाकतो. स्टीअरिंग फिरवलं की गाडी लगेच ऐकते. मोठे ब्रेक बसायला जागा होते. आणि लूक तर येतोच.

जातं ते असं: रिम मोठं झालं की बहुधा जड होतं, आणि ते वजन सस्पेन्शनच्या खाली, फिरणाऱ्या भागात असतं. त्यामुळे पिकअप, ब्रेकिंग आणि मायलेज तिन्हींवर परिणाम होतो. खड्ड्यात आपटल्यावर धक्का झेलायला रबर कमी उरतं, मग रिम वाकतं किंवा साइडवॉलला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

रुंद टायरबद्दलही एक गैरसमज आहे. टायर रुंद केला की रस्त्यावर टेकणारं रबर खूप वाढतं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा यांवर ठरतं. रुंदीने त्या ठशाचा आकार बदलतो, तो आडवा पसरतो. वळणावर याचा फायदा होतो. पण पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हे लक्षात ठेवा.

रिम घेताना हे चार आकडे विचारा

१. रुंदी (जे): २०५/५५ आर१६ साठी साडेपाच ते साडेसात इंच रिम चालतं, २२५/४५ आर१७ साठी सात ते साडेआठ. अरुंद टायर ताणून रुंद रिमवर बसवू नका.
२. पीसीडी: बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्ट ४×१००, पोलो ५×१००, ऑक्टाव्हिया ५×११२. पोलोचं रिम ऑक्टाव्हियाला बसत नाही ते यामुळेच.
३. ऑफसेट (ईटी): चाक किती आत किंवा बाहेर बसणार ते. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवर ताण वाढतो.
४. सेंटर बोअर: मधलं भोक. स्विफ्टला ५४.१ मिमी, पोलो-ऑक्टाव्हियाला ५७.१ मिमी. रिमचं भोक मोठं असेल तर हब रिंग टाका, नाहीतर स्टीअरिंग थरथरतं.

टायरचे प्रकार: तुम्हाला कुठला हवा?

टूरिंग: आवाज कमी, आयुष्य जास्त. ऑफिस, कॉलेज आणि अधूनमधून हायवे असेल तर हाच.

स्पोर्ट किंवा अल्ट्रा हाय परफॉर्मन्स: मऊ रबर, कडक साइडवॉल, ओल्या-कोरड्या दोन्ही रस्त्यांवर चांगली पकड. मिशलिनचा पायलट स्पोर्ट, गुडइयरचा ईगल एफ१ या गटातले. झिजतात लवकर, किंमतही जास्त. १८० पीएसच्या पुढच्या गाडीला हे शोभतात.

सेमी-स्लिक: ट्रॅकसाठी. कोरड्यात जबरदस्त, पावसात धोकादायक. रोजच्या गाडीला नको.

रन-फ्लॅट: हवा गेली तरी साधारणपणे ताशी ८० च्या आत ८० किमीपर्यंत चालतात. जड आणि कडक असतात.

विंटर: सात अंशांखालच्या थंडीसाठी बनवलेलं रबर. आपल्या उन्हात ते मऊ पडतं, त्यामुळे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

काही टायरवर ट्रेडवेअरचा आकडाही असतो. आकडा मोठा म्हणजे टायर टिकाऊ, लहान म्हणजे सहसा पकड जास्त. ५०० चा टायर घेऊन रेसिंगची अपेक्षा ठेवू नका आणि २०० चा घेऊन दोन-तीन वर्षं काळजी नको असंही समजू नका.

ऊन, समृद्धी आणि हवा

आपल्या शहराचं तापमान म्हणून पेपरात जो आकडा येतो, तो चिकलठाणा वेधशाळेत नोंदवलेला असतो. मे महिन्यात तो चाळिशी पार करतो. ते हवेचं तापमान झालं, उन्हात तापलेला रस्ता त्याहून बराच गरम असतो.

समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किमीचा रस्ता खुला झाला. मधल्या काळात टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या इतक्या आल्या की परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. "काँक्रीटमुळे टायर फुटतात" हे आपण नेहमी ऐकतो, पण ते अर्धंच उत्तर आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त वाकते, त्यातून उष्णता तयार होते, आणि तासन् तास एकाच वेगात ती बाहेर पडायला वेळ मिळत नाही. शेवटी आतले थर सुटतात. त्यात टायर जुना, गाडी भरलेली आणि वेग १२० च्या पुढे असेल तर संपलंच.

म्हणून "गरमीत हवा फुगते, दोन पॉइंट कमी भरू" हा सल्ला उलटा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण एक ते दीड पीएसआय वाढतं, आणि टायर त्या हिशेबानेच बनवलेला असतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेलं प्रेशर सकाळी, टायर थंड असताना भरा. पाच जण आणि सामान असेल तर स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा घ्या. गरम टायरमधून हवा सोडू नका. नायट्रोजन भरला तर हरकत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरला म्हणून प्रेशर तपासायचं सोडू नका.

कायदा काय म्हणतो?

कारच्या टायरची नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी चालत नाही. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळ्यासाठी मात्र ३ मिमीलाच बदललेला बरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला साइज हा सगळ्यात बिनधोक मार्ग. अलॉय टाकले तर विमा कंपनीलाही कळवा.

नेहमीचे प्रश्न

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे कुठे टाकू?
मागे. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी मागेच. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते आणि सावरणं कठीण जातं.

बजेट कमी आहे. अलॉय घेऊ की टायर?
टायर. मूळ रिमवर चांगले स्पोर्ट टायर टाकले तर ब्रेकिंग आणि वळण दोन्ही सुधारतात. मोठ्या रिमवर स्वस्त टायर टाकले तर सुधारतो फक्त फोटो.

सेकंड हँड टायर चालतील का?
टाळा. आत पंक्चरचं पॅच किंवा तुटलेले थर आहेत का, हे बाहेरून दिसत नाही.

आता एक काम करा. खाली पार्किंगमध्ये जा, चारही टायरचे फोटो काढा आणि साइज, लोड इंडेक्स, तारीख तपासा. चारपैकी एक जरी वेगळा निघाला, तर अलॉयचा विषय पुढच्या महिन्यावर टाका आणि आधी तो टायर बदला.