आकड्यांतला सूर

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचे पहिले कॉम्पॅक्ट डिस्क यंत्र जपानात विक्रीस आले. सुराचे सेकंदास ४४,१०० वेळा मोजमाप घ्यावयाचे व प्रत्येक माप १६ बिटांच्या आकड्यात साठवावयाचे, अशी ती योजना. फिलिप्सच्या पहिल्या यंत्रातील परिवर्तक, म्हणजे आकड्यांचा पुन्हा सूर करणारा भाग, मात्र १४ बिटांचाच होता. चौपट वेगाने काम करवून ती उणीव भरून काढली गेली. पुढे फिलिप्सचे १६ बिटांचे परिवर्तक आले, मग त्यांच्या स्वतंत्र पेट्याही निघाल्या. हौशी मंडळींच्या घरी जुनी पेटी माळ्यावर जाऊन नवी येऊ लागली. तबकडीवरचे आकडे मात्र होते तेच राहिले. म्हणून नवी पेटी घेण्यापूर्वी जुनी तबकडी पुन्हा निवांत ऐकावी. निसटलेला सूर पेटीने गमावला की आपल्या घाईने, हे तेव्हाच कळेल.